नकाशातली जुनी नदी

माकोपानोला तिचं नाव लग्नाच्या दिवशी मिळालं. सासूनं तिच्या खांद्यांवर नवं ब्लँकेट टाकलं, डोक्याला फडकं बांधलं आणि अंगणात जमलेल्या बायकांना मोठ्यांदा सांगितलं, "आजपासून ही माकोपानो." माकोपानो म्हणजे कोपानोची आई. कोपानोचा तेव्हा कुठे पत्ताही नव्हता. आम्हा डोंगरातल्या बासोथो लोकांमध्ये सुनेचं नाव असंच आधी ठरतं. पोर मागाहून येतं आणि आपलं नाव उचलतं.

हिच्या बाबतीत ते मागाहून फार लांबलं. झऱ्यावर पाणी भरताना बायका विचारायच्या, "काय गं, कोपानो दिसत नाही तो? गुरांमागे गेला वाटतं?"

"हो, लांब गेलाय. येईल," असं म्हणत ती बादली डोक्यावर घ्यायची, आणि चढावर एकटी पडली की डोळे पुसायची.

तिचा नवरा जोहान्सबर्गकडे सोन्याच्या खाणीत होता. वर्षातून एकदा यायचा, महिनाभर राहायचा, जायचा. घरात सासू, गोठ्यात बैलजोडी आणि खाली मोहलाकेंग नदीच्या काठाला शेत, हा तिचा संसार. शेत मात्र असं होतं की अख्ख्या हा-मोलेफी गावाची नजर त्याच्यावर असायची. वरच्या उतारावर लोकांच्या मक्याला जेमतेम कणीस धरायचं. हिच्या काळ्या गाळाच्या जमिनीत ज्वारी माणसाला झाकायची, आणि खाली भोपळ्यांचे वेल पसरायचे ते निराळेच.

नदीच्या पलीकडे हा-तुमाने गाव. दोन गावांचे दोन मुखिये आणि मधली हद्द म्हणजे नदी. हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, लिहायची गरजही नव्हती. पलीकडच्या काठाला माकोपानोच्या शेतासमोर मालिसेबोचं शेत होतं. तीही त्याच वर्षी सून म्हणून आलेली. दोघी समोरासमोर खुरपायच्या आणि पाण्यावरून एकमेकींशी बोलायच्या. सासवांच्या तक्रारी इतक्या जोरात चालायच्या की पाणी पाजायला आलेली गुराखी पोरं ऐकून नकला करायची.

"माझी म्हणते, तू झोपेत पण घोरत नाहीस, त्यातही आळस करतेस!" मालिसेबो ओरडायची.

"माझी म्हणते, घोरतेस ते पुरे, तेवढ्या दमात दळण झालं असतं!"

त्याच पहिल्या खुरपणीत नकाशावाले आले. आधी एकदा विमान येऊन दरीवरून सरळ रेषेत जाऊन परत आलं होतं, तेव्हा म्हाताऱ्यांनी गुरं गोठ्यात घातली होती. आता घोडे घेऊन माणसं आली. डोंगराच्या टोकावर त्यांनी दगडांचा पांढरा खांब उभा केला. एक गोरा साहेब, मान उन्हानं लाल झालेली, आणि त्याच्याबरोबर खालच्या मुलखातला एक दुभाष्या. साहेबाच्या हातात विमानातून काढलेला फोटो होता. त्यात बघून तो बोट दाखवायचा, दुभाष्या नाव विचारायचा, साहेब लिहून घ्यायचा. डोंगराचं नाव, गावाचं नाव, वाटेचं नाव.

ते माकोपानोच्या शेताशी आले. शेताच्या मागच्या अंगानं, म्हणजे गावाच्या बाजूनं, एक बारका ओढा यायचा आणि शेताच्या खालच्या टोकाला नदीला मिळायचा. अलीकडे ओढा, पलीकडे नदी आणि मधे शेत. ओढ्यावर एक विलो वाकलेला होता. भर उन्हात मालिसेबो नदी ओलांडून यायची आणि दोघी त्या झाडाखाली पाय पसरून बसायच्या, कारण गावातून ती जागा दिसत नसे.

"ए पोरींनो, ह्या ओढ्याला काय म्हणतात?" दुभाष्यानं विचारलं.

त्या ओढ्याला काहीच म्हणत नसत. माकोपानो तसं सांगणार, इतक्यात मालिसेबो अगदी साळसूद चेहऱ्यानं म्हणाली, "बोट्स्वेंग."

बोट्स्वेंग म्हणजे आळशांची जागा. दुभाष्याला ते कळलंच असणार, पण तोही बहुतेक दिवसभराच्या चालीनं वैतागला होता. त्यानं मान हलवून साहेबाला सांगितलं. साहेबानं ते पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं, स्वतः म्हणून बघितलं आणि काळजीपूर्वक लिहिलं. घोडे वळणाआड गेले तशा दोघी सरीतच बसल्या आणि पोट धरून हसल्या.

"अगं, सरकारात गेलं ते!" माकोपानो म्हणाली.

"जाऊ दे. सरकारलाही कळू दे सुना कुठे बसतात."

त्यानंतर नकाशाचं काय झालं ते कुणाला कळलं नाही, आणि कुणाला त्याचं पडलेलंही नव्हतं.

मालिसेबोला मुलगी झाली, लिसेबो. मग मुलगा झाला, थुसो. माकोपानोचे दोन गर्भ पडले. सासू बोलायची थांबली, ते बोलण्याहून वाईट होतं. थुसो रांगायला लागला त्या हिवाळ्यात माकोपानोला दिवस गेले आणि या वेळी ते टिकले. मुलगा झाला. नाव ठेवायचा प्रश्नच नव्हता, ते केव्हाचं त्याची वाट बघत होतं. बातमी कळताच मालिसेबो नदी ओलांडून आली, ओल्या पायांनीच दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बघू तरी, इतका वेळ कुठे गुरं चारत होता हा!"

कोपानो आणि थुसो एकत्रच वाढले. दोघं मिळून गुरं राखायचे, नदीत डुंबायचे, एकमेकांच्या घरची पापा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, आणि पालेभाजी खायचे. काठ्यांची लढत शिकले तीही एकमेकांविरुद्धच. कोपानो बारा-तेरा वर्षांचा असताना खाणीत दरड कोसळून त्याचा बाप गेला. पेटी आली ती बंदच. मालिसेबोच्या नवऱ्यानं खड्डा खणायला सगळ्यांत आधी फावडं उचललं होतं. पुढे तोही छातीच्या दुखण्यानं गेला, तेव्हा माकोपानो तिच्या अंगणात आठवडाभर स्वयंपाकाला होती. दोघी विधवा झाल्या, दोघींना एकेक मुलगा उरला. लिसेबो लग्न होऊन लांब गेली होती, सासवा केव्हाच गेल्या होत्या.

मग त्या जानेवारीत पाऊस आला. डोंगरावर दिवसचे दिवस कोसळत होता. मोहलाकेंगला पूर नवा नव्हता. पण या वेळी वरच्या वळणावर काठ फुटला आणि नदी सरळ बोट्स्वेंगच्या ओढ्यात घुसली. पाणी ओसरल्यावर लोक बघायला उतरले तर सगळंच उलटं झालेलं. जिथे ओढा होता तिथे नदी वाहत होती, आणि जुनं नदीचं पात्र नुसती वाळू आणि गोटे होऊन पडलं होतं. विलो मुळासकट गेला होता. माकोपानोचं शेत मात्र जसंच्या तसं होतं, वर बोटभर नवा गाळसुद्धा बसलेला. फक्त ते आता नदीच्या पलीकडे गेलं होतं. मालिसेबोच्या शेताला लागून.

"असू दे," कोपानो आईला म्हणाला. "बैल पोहतात. आपण पलीकडे जाऊन नांगरू."

त्यानं तसं म्हटलं खरं, पण हा-तुमानेचा मुखिया गप्प बसणारा नव्हता. त्याच्या गावात तरुणांना द्यायला शेत उरलेलं नव्हतं. त्यानं चावडीवर सांगितलं, हद्द म्हणजे नदी आणि नदीच्या अलीकडे जे आहे ते आपलं. थुसोचं नुकतंच लग्न झालं होतं. मुखियानं ते शेत थुसोला दिलं.

मालिसेबो दुसऱ्या दिवशी आली. घरात न येता अंगणाच्या कडेला उभी राहिली.

"मी मागितलं नाही," ती म्हणाली.

माकोपानो ज्वारी पाखडत होती. तिनं मान वर केली नाही. "नको म्हणालीस का?"

"मुखियाला नको कसं म्हणू? सून पोटुशी आहे. थुसोला नाही दिलं तर तो दुसऱ्या कुणाला देणार. निदान आमच्या हातात राहिलं तर—"

"तर काय? मला भोपळा पाठवशील?"

"असं बोलू नकोस गं."

"जा, सून वाट बघत असेल."

मालिसेबो गेली. माकोपानोनं सूप आपटलं, दाणे अंगणभर झाले आणि कोंबड्यांनी गर्दी केली. तिनं त्यांना हाकललंही नाही.

दोन्ही गावांच्या म्हाताऱ्यांची बैठक झाली. हा-मोलेफीचे म्हणाले, नदी आजची सरकली, हद्द नाही सरकली. हा-तुमानेचा मुखिया म्हणाला, "नदी सरकलीच नाही. ती आपल्या जागेवर परत आली. तिथे ओढा कधी नव्हताच, नदीचाच फाटा होता तो. हे शेत नेहमीच आमच्या बाजूला होतं, आम्ही आपलं शेजारधर्म म्हणून बोललो नाही."

"मोरेना, ओढा होता हो! आम्ही त्यात आंघोळी केल्या!" हा-मोलेफीचा एक म्हातारा उठून ओरडला.

"तुम्ही आंघोळी करत होता? मग त्याचं नाव काय ते सांगा."

म्हातारा तोंड उघडून तसाच राहिला. पुरुषांना त्या ओढ्याचं नाव माहीतच नव्हतं, ते दोन बायकांमधलं होतं. हा-तुमानेची माणसं हसली. बायका मागे बसल्या होत्या. माकोपानोनं समोर मालिसेबोकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती. आपण बोलावं असं माकोपानोच्या ओठांवर आलं; पण 'आळशांची जागा' असं त्या सगळ्या हसणाऱ्या पुरुषांपुढे म्हणायची तिला लाज वाटली. आणि म्हटलं असतं तरी कुणी ऐकलं असतं? बैठक तशीच उठली. प्रकरण वर पाठवू, असं ठरलं. वर म्हणजे जिल्ह्याच्या गावी. तिथून काही उत्तर आलं नाही.

नांगरणीचे दिवस आले. पहिल्या पावसानं जमीन मऊ केली आणि अलीकडच्या चढावरून कोपानोला दिसलं की थुसो शेतात नांगर घेऊन उतरलाय. कोपानोचं लग्न ठरत आलं होतं. त्या शेताच्या जिवावरच मुलीच्या बापाला द्यायच्या गुरांची बोलणी चालली होती.

"जाऊ नकोस," माकोपानो म्हणाली.

"नुसता बोलून येतो, म्मे. थुसोच आहे, दुसरं कोण आहे?"

काठी मात्र त्यानं घेतली. काठीशिवाय आमच्याकडे पुरुष घराबाहेर पडत नाही, म्हणून तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याच्या मागोमाग गावची दोन-चार पोरं गेली, पलीकडूनही काही जण धावत आले. चढावर उभ्या असलेल्या माकोपानोला शब्द ऐकू येत नव्हते. दोघं नांगराशी उभे राहून बराच वेळ बोलत होते, आणि एकदा तर थुसो हसल्यासारखा वाटला. मग मागच्यांपैकी कुणीतरी काहीतरी बोललं. कोपानोनं बैलांची दोरी धरली. थुसोनं ती ओढली. काठ्या वर गेल्या.

लहानपणापासून हजार वेळा झालेली लढत. एक मारतो, दुसरा अडवतो. या वेळी अडवणारी काठी पोचली नाही.

कोपानोला ब्लँकेटमध्ये घालून नदीतून आणलं. घोड्यावर बसवून दवाखान्याकडे निघाले, पण खिंडीच्या अलीकडेच त्यानं मान टाकली. माकोपानो घोड्याच्या बाजूनं त्याचा पाय धरून चालत होती. पाय सैल झाला ते तिला सगळ्यांत आधी कळलं. तरी ती काही बोलली नाही. बोलली असती तर घोडा थांबवला असता, आणि तिला तो थांबवायचा नव्हता.

मयताला एक बैल कापला. तिनं डोकं भादरून घेतलं, काळं अंगावर घेतलं. मालिसेबो मयताला आली नाही, येऊ शकतच नव्हती. दुसरा बैल त्याच हिवाळ्यात बर्फात गारठून मेला. लोक आता तिला हाक मारताना अडखळायचे. कोपानोची आई म्हणायचं, तर कोपानो कुठाय? आणि दुसरं काय म्हणायचं? शेवटी तेच म्हणत राहिले.

थुसो पळाला नाही. पोलीस आले तेव्हा घरातच बसला होता. खटला जिल्ह्याच्या कोर्टात उभा राहिला, आणि तिथे वकिलांमध्ये पुन्हा तोच वाद निघाला. थुसो स्वतःच्या शेतात होता की दुसऱ्याच्या शेतात घुसला होता, यावर शिक्षा अवलंबून होती. न्यायाधीशानं मोजणी खात्याला नकाशा घेऊन बोलावलं.

मोजणीवाला तरुण होता, सौम्य बोलणारा. त्यानं टेबलावर एक मोठा कागद उलगडला, कोपऱ्यांवर पुस्तकं ठेवली. माकोपानोला जवळ बोलावलं. कागदावर तपकिरी रेघांची भोवरी होती, काळे ठिपके होते आणि एक निळी दोरी वळणं घेत गेली होती.

"म्मे, हे तुमचं गाव, हा-मोलेफी," तो म्हणाला. "ह्या उंचीच्या रेघा. हा डोंगरावरचा खांब. ही मोहलाकेंग, जुन्या पात्रातली. आणि हा इकडून येणारा ओढा. दोन्ही वेगवेगळे आहेत बघा. मधे जी पट्टी आहे ती हा-मोलेफीच्या बाजूला येते. ओढ्यावर नाव छापलंय." तो वाकला आणि वाचलं, "बोट्स्वेंग."

कोर्टात कुणीतरी फिसकन हसलं. माकोपानोच्या डोळ्यांपुढे ती दुपार आली. ऊन, विलोची सावली, लाल मानेचा साहेब. तिनं न राहवून वळून बघितलं. मालिसेबोही तिच्याकडेच बघत होती. पोरीबाळींची ती थट्टा कुठल्या कुठे जाऊन, छापून, इथे येऊन टेबलावर पडली होती.

"हा कागद कधीचा आहे, न्ताते?" माकोपानोनं मोजणीवाल्याला आदरानं विचारलं.

"जुना आहे. तुमचं लग्न झालं असेल तेव्हाचा."

"मग होता कुठे?"

"मासेरूला, राजधानीत. कपाटात."

"आम्ही पाठवलेलं प्रकरण वर गेलं होतं. तेव्हा का नाही काढला?"

तो तरुण गोंधळला. "आमच्याकडे कुणी मागितला नाही, म्मे."

ती कागदाकडे बघत राहिली. तिचं शेत त्यात बोटाच्या नखाएवढंही नव्हतं. एवढ्याशा जागेवर कोपानो मेला. आणि ह्या कागदाची घडी वर्षभर आधी कुणी उलगडली असती, तर तो आज घरी बसून काठीला तेल लावत असता.

थुसोच्या वकिलानं मात्र हार मानली नाही. तो म्हणाला, नाव परक्या माणसानं लिहिलंय, चुकलंही असेल. ह्या नावाचा ओढा गावात कुणालाच माहीत नाही. त्यानं मालिसेबोला पुढे बोलावलं. हा-तुमानेचा मुखिया पहिल्या बाकावर बसला होता, तिच्याकडे डोळे लावून. थुसो आरोपीच्या कठड्यात उभा होता, फार वाळला होता.

"म्मे मालिसेबो, बोट्स्वेंग नावाचा ओढा तुम्ही कधी ऐकलाय?"

नाही म्हणणं सोपं होतं. एक शब्द पुरला असता. माकोपानोला त्या क्षणी मनापासून वाटत होतं, हिनं नाहीच म्हणावं. म्हणजे मग हिचा पुरता राग करता येईल, मरेपर्यंत, त्यात काही शिल्लक राहणार नाही.

मालिसेबोनं मुलाकडे बघितलं. मग म्हणाली, "ऐकलाय. ते नाव मीच ठेवलं."

"तुम्ही?"

"मीच. साहेबानं विचारलं तेव्हा मी सांगितलं. आम्ही दोघी तिथे बसायचो." तिनं माकोपानोकडे बोट केलं नाही, नुसती हनुवटी हलवली. "ओढा होता. शेत हिचं होतं."

मुखिया उठून बाहेर गेला. थुसोनं कठड्यावर डोकं टेकलं. शिक्षा झाली ती बऱ्याच वर्षांची.

शेत माकोपानोला परत मिळालं. जुन्या पात्राच्या कडेनं दगड पुरून हद्द ठरवून दिली. गावातले लोक म्हणाले, न्याय झाला. त्या वर्षी तिनं नांगर लावला नाही, पुढच्या वर्षीही नाही. कशानं लावणार? बैल नव्हते, माणूस नव्हता. आणि खरं सांगायचं तर तिला ती जमीन बघवत नव्हती. तण कमरेएवढं वाढलं. तेव्हा तिच्याच गावच्या मुखियानं निरोप पाठवला, पडीक ठेवलेलं शेत दुसऱ्याला द्यावं लागतं, कायदाच आहे तसा. इतकं झाल्यावर ते शेत भलत्याच कुणाच्या हाती गेलेलंही तिला बघवलं नसतं. आणि घरात खायलाही काही नव्हतं. शेजारणींनी पाठवलेल्या पिठावर माणूस किती दिवस काढणार?

पलीकडे मालिसेबोकडे बैल होते. पण कोर्टातल्या साक्षीनंतर तिच्या मुखियानं तिचं स्वतःचं शेत काढून आपल्या पुतण्याला दिलं होतं. घरात सून आणि लहान नात.

आमच्याकडे निम्म्या वाट्यानं शेत करतात. एकाची जमीन, दुसऱ्याचे बैल, धान्य अर्धं अर्धं. हे कोण कुणाला पहिल्यांदा म्हणालं ते नक्की सांगता येत नाही. गावच्या बायका म्हणतात, मालिसेबोची सून पोरीला पाठीशी बांधून माकोपानोच्या दारात आली आणि नुसती रडत उभी राहिली. माकोपानोनं तिला बराच वेळ रडू दिलं. मग म्हणाली, "सोमवारी बैल आणा. लवकर आणा, ऊन चढायच्या आत."

त्या सोमवारी मालिसेबोनं बैलांची दोरी धरली, सुनेनं नांगर धरला आणि माकोपानो मागून बी टाकत चालली. कुणी कुणाशी बोललं नाही. 'हं' आणि 'थांब' एवढंच. पूर्वी ह्या दोघी नदीच्या आवाजावरून ओरडून बोलायच्या. आता एकाच सरीत चालत होत्या आणि तोंडं मिटलेली होती. काढणीनंतर धान्य शेतातच वाटून घेतलं. असं वर्षामागून वर्ष चाललं. एकदा खुरपताना मालिसेबोला चक्कर आली, तेव्हा माकोपानोनं तिला पाणी पाजलं आणि तिचा पट्टाही खुरपून टाकला. संध्याकाळी मालिसेबो म्हणाली, "देव तुझं भलं करो." माकोपानो म्हणाली, "त्याला माझं काय करायचंय ते करून झालंय." त्यावर दोघी आपापल्या वाटेनं गेल्या.

थुसो सुटून आला तेव्हा केस पिकले होते. पहिल्याच आठवड्यात तो शेताच्या दगडांपाशी येऊन उभा राहिला, टोपी हातात घेऊन. आत पाऊल टाकलं नाही.

"म्मे," त्यानं हाक मारली.

माकोपानो कणसं मोडत होती. "मी जिवंत असेपर्यंत नाही," ती म्हणाली. हात थांबले नव्हते.

तो गेला. दुसऱ्यांची मेंढरं राखायला वर डोंगरात गेला आणि तिकडेच राहिला.  दुसऱ्या दिवशी मालिसेबो नेहमीसारखी कामाला आली.

मालिसेबो मेली ती खुरपणीच्या दिवसांत, अंथरुणाला खिळून न राहता, सकाळी उठता उठता. माकोपानो वाकलेल्या कमरेनं नदी उतरून पलीकडे गेली. हा-तुमानेच्या बायकांनी बाजूला सरून तिला जागा दिली. तिनं खड्ड्यात मूठभर माती टाकली. समोर डोंगरातून उतरून आलेला थुसो उभा होता, त्याच्याकडे तिनं बघितलं नाही. पण परत येताना नदीच्या काठाशी एका दगडावर बसली आणि मोठमोठ्यानं रडली. कोपानो गेला तेव्हासुद्धा तिला असं कुणी रडताना बघितलं नव्हतं.

पुढच्या नांगरणीला सून एकटीच आली. तिच्या कमरेत उसण भरली होती, नांगर दाबवत नव्हता. बैल दोन सऱ्यांत तिरपे गेले. माकोपानो बांधावर बसून बघत होती. दुपारपर्यंत बघत राहिली. मग सुनेला जवळ बोलावलं.

"त्याला म्हणावं उद्या ये. पण माझ्याशी बोलायचं नाही."

दुसऱ्या दिवशी थुसो आला. जोखड घातलं, नांगर धरला. त्याला आणि कोपानोला नांगर धरायला एकाच माणसानं शिकवलं होतं, मालिसेबोच्या नवऱ्यानं, ह्याच दरीत, एकाच बैलजोडीवर. डावा खांदा खाली टाकून, मान किंचित तिरकी ठेवून चालायची ती त्या माणसाची लकब दोघांनीही उचलली होती. थुसो वळला आणि पाठमोरा पलीकडे निघाला, तशी माकोपानोनं ब्लँकेट डोक्यावरून ओढून घेतलं आणि गावाकडे तोंड करून बसली. नांगराचा आवाज मागून येत होता, जवळ येई, लांब जाई. शेत पुरं होईपर्यंत ती तशीच बसून होती.

माकोपानो आणि थुसो अजून एकमेकांशी बोललेले नाहीत. काढणीनंतर तिच्या वाट्याची पोती तो दारात आणून ठेवतो आणि जातो.